टाकी गळतेय: मागच्या कोपऱ्यातून पाझर, घरी दुरुस्त होईल का?

निळी_शेपटी (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. हॉलमधल्या फिश टँकखाली काही दिवसांपासून ओल दिसतेय. आधी वाटलं पावसाची हवा आहे, फरशी पुसताना पाणी राहिलं असेल. आज टाकीखालचा थर्मोकोल उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात दाबून पाहिला तर बोटाला पाणी लागलं, आणि स्टँडचा प्लाय तिथे फुगलाय.

टाकी ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. काच ८ एमएम. वर झाकणाची काच आहे. आत एंजल, निऑन टेट्रांचा थवा, काही कोरी आणि एक सकर, जो आता वीतभर झालाय. काठावर लटकवायचा फिल्टर आणि हवेचा पंप असं सामान.

दुकानदार म्हणतो टाकून द्या, नवी घ्या. शेजारचे काका म्हणतात बाहेरून काहीतरी थापा. सासूबाई म्हणतात पाणी भरून ठेव, आपोआप थांबेल, त्यांच्या माहेरी तसंच व्हायचं. गणपती तोंडावर आलेत आणि मखर याच भिंतीला असतं, त्यामुळे त्याआधी काहीतरी निर्णय घ्यायला हवा. मासे मात्र कोणाला द्यायचे नाहीत. मुलीने ते नखाएवढे असल्यापासून वाढवलेत.

घरी दुरुस्ती जमण्यासारखी आहे का? आणि तोवर मासे कुठे ठेवायचे?

कोरडाठाक

ताई, आधी गळतेय ती टाकीच आहे ना, एवढं नक्की करा. पावसाळ्यात अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ दुसरीकडेच निघतं.

झाकणाच्या काचेला खालून थेंब धरतात. काच जराशी मागे कललेली असेल तर ते थेंब काठावरून टाकीच्या बाहेरच्या अंगाने ओघळतात, आणि मागे भिंत असल्यामुळे कोणाला दिसत नाहीत. दुसरी जागा पंपाच्या नळीची. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येतं. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असला तरी जुना झाला की तो नीट मिटत नाही. लटकणाऱ्या फिल्टरचा स्पंज तुंबला तर पाणी मागच्या काठावरून झिरपतं. एसी वापरत असाल तर आणखी एक शक्यता: रात्रभरात टाकीचं पाणी गार होतं आणि सकाळी एसी बंद केला की दमट हवेने काचेला बाहेरून पाणी सुटतं.

टाकी बाहेरून कोरडी पुसा आणि फिल्टर, पंप थोडा वेळ बंद ठेवा. उभ्या सांध्यांवर टिश्यू पेपरच्या लांब पट्ट्या लावा, टेप फक्त वरच्या टोकाला. तळाच्या कडेला चारी बाजूंनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या सरकवा. कोणता कागद सगळ्यात आधी आणि किती उंचीवर भिजतो ते बघा. नुसती पातळी उतरली म्हणून गळती धरू नका, बाष्पीभवनानेही ती उतरतेच.

आणि एक गोष्ट वाचता वाचताच करा. स्टँडच्या आत किंवा खाली एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तो मेन बंद करून बाहेर काढा. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या. टाकीच्या वायरी प्लगच्या खालपर्यंत झोका देऊन मग वर न्यायच्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोक्यापाशी गळून पडतं, सॉकेटपर्यंत पोचत नाही.

सरळवाट

एवढं कशाला? एम-सील आणा, मळा आणि बाहेरून कोपऱ्याला दाबून बसवा. गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाला लावलंय, छान टिकलंय.

शेवाळ (पुणे)

सरळवाट, पाइपाला ते चारी बाजूंनी आवळून बसतं म्हणून टिकतं. काचेच्या टाकीत पाणी आतून बाहेर ढकलत असतं. बाहेरून जे थापाल ते काचेपासून सुटण्याच्या दिशेनेच ढकललं जाणार. तेच पाणी आतून लावलेल्या सिलिकॉनला मात्र कोपऱ्यात दाबून धरतं. शिवाय पाणी आत शिरतं एका ठिकाणी, सांध्यातल्या सांध्यात चालत जातं आणि बाहेर पडतं दुसऱ्याच ठिकाणी. बाहेरची वाट बुजवली तर ते पुढची वाट धरतं.

निळी_शेपटी, तुमच्या टाकीचा हिशेब करून पाहिला. काठोकाठ भरली तर पाणी १६० लिटरच्या आसपास. समोरच्या एकट्या काचेवर पाण्याचा एकूण जोर सुमारे ९५ किलो वजनाइतका. हा जोर ठरतो पाण्याच्या उंचीवर आणि काचेच्या लांबीवर, टाकी पुढून मागे किती खोल आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि तो उंचीच्या वर्गाने बदलतो. पाणी निम्म्यावर, म्हणजे ९ इंचांवर आणलंत की जोर निम्मा नाही, चौथाई होतो, २४ किलोच्या घरात.

म्हणून पहिला उपचार हाच: आजच पाणी निम्म्यावर आणा. काढलेलं पाणी फेकू नका, स्वच्छ बादल्यांत भरून ठेवा, माशांना लागेल. हीटर असेल तर आधी बंद करा, गार होऊ द्या आणि मगच पातळी उतरवा. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की त्याची काच तडकते. लटकणाऱ्या फिल्टरची नळी पाण्यात बुडतेय ना तेही बघा, नाहीतर मोटर कोरडी फिरेल. हवा जोरात चालू ठेवा.

पाणी उतरवल्यावर गळती थांबली तर भोक ९ इंचांच्या वर आहे, चालू राहिली तर खाली. तपासही आपोआप होतो.

चाळकरी

तुमच्या सासूबाईंचं म्हणणं त्या काळच्या टाकीला बरोबर लागू होतं, त्यांना तसं जरूर सांगा.

मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. आमच्या गिरगावातल्या चाळीत ते बघून आलेल्या प्रत्येक मुलाला घरी टाकी हवी असायची. त्या वेळच्या टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीच्या. चौकटीला आतून पुट्टी थापायची आणि तिच्यावर काच दाबून बसवायची. पुट्टी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. टाकी काही दिवस रिकामी राहिली की पुट्टी सुकून आकसायची आणि पुन्हा भरली की ठिबकायची. पण पाण्याचा जोर काचेला बाहेर, म्हणजे पुट्टीवर आणि चौकटीवर दाबायचा. त्यामुळे भरून ठेवली की दोन-चार दिवसांत बरेचदा ठिबकणं थांबायचं.

तुमची टाकी बिनचौकटीची आहे. तिच्यात काचेला बाहेरून धरायला काही नाही, नुसतं सिलिकॉन आहे. पाण्याचा जोर तिथे सांधा आवळत नाही, उलट ताणतो. तोच सल्ला या टाकीला दिला तर गळती वाढेल.

निळी_शेपटी

सगळ्यांचे मनापासून आभार. चाळकरी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांच्याकडे अगदी तशीच हिरव्या रंगाच्या लोखंडी चौकटीची टाकी होती म्हणाल्या. त्या टाकीतल्या गप्पींच्या आणि काळ्या मोलींच्या आठवणी त्यांनी जेवण होईपर्यंत सांगितल्या.

बोर्ड बाहेर काढला. पाणी ९ इंचांवर आणलंय. झाकण, नळी, फिल्टर सगळं कोरडं आहे. मागच्या उजव्या उभ्या सांध्याला लावलेली पट्टी खालून चार बोटांवर भिजतेय आणि तिथून खालचा कागद ओला होतोय. वेग कमी झालाय पण थांबलेलं नाही. म्हणजे भोक खालीच आहे. फोटो टाकलाय.

बीमकॉलम

मी स्थापत्य अभियंता आहे, मासे पाळत नाही, पण फोटोतला तो प्लाय बघून राहवलं नाही. सिलिकॉनचं काम करण्याआधी स्टँडचं करा.

पाणी १६० किलो, ८ एमएम काच साधारण ३० किलो, खडी आणि दगड २०-२५, स्टँड धरून एकूण २४० किलोच्या आसपास वजन जेमतेम पावणेचार चौरस फुटांवर उभं आहे. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरतात. घाबरू नका, तो आकडा खोलीभर पसरलेल्या भाराचा आहे आणि स्लॅब आजूबाजूला भार वाटून घेतो. पण एवढी टाकी स्लॅबच्या मधोमध नको, भिंतीला लागून, शक्यतो बीमवर हवी. दुरुस्तीनंतरची चाचणी घ्यायला म्हणून जुन्या इमारतीच्या पुढे काढलेल्या बाल्कनीत ती नेऊ नका. तिथल्या सळ्या किती गंजल्यात ते वरून दिसत नाही.

मूळ दुखणं मला वेगळंच दिसतंय. साधा प्लाय पाण्याने फुगतो, मग थर सुटून त्याचा जीव जातो आणि वजनाखाली तो दबतो. एक कोपरा दोन-तीन मिलिमीटर खाली गेला तरी चौकोनी काचेच्या पेटीला पीळ बसतो आणि तो पीळ सांध्यावर येतो. स्टँडवर पाणसळ ठेवून बघा, लांबीत, रुंदीत आणि तिरकी दोन्ही कर्णांवर. कर्ण लोक विसरतात, आणि पीळ कळतो तो कर्णांवरच.

नवीन करणार असाल तर लोखंडी चौकोनी पाइपचं स्टँड, वर १८ एमएम मरीन प्लाय (आयएस ७१० चा शिक्का पाहून घ्या) आणि त्यावर १० ते १२ एमएम थर्मोकोल, अखंड, तुकडे जोडलेला नको.

काचकाम (इचलकरंजी)

ताई, मी काचेच्या धंद्यात आहे, टाक्या बनवून देतो. तुमची टाकी टाकून द्यायच्या लायकीची नाही, ८ एमएम काच आहे, चांगली आहे.

सांधा वेगळा आणि गोलाई वेगळी, हे आधी समजून घ्या. एका काचेची कड दुसऱ्या काचेला चिकटलेली असते, त्या दोन काचांमधला पातळ थर म्हणजे सांधा. टाकी उभी राहते ती त्याच्यावर. आतल्या कोपऱ्यात बोट फिरवून केलेली असते ती गोलाई. ती सांध्यापर्यंत पाणी पोचू देत नाही. टॉर्च घेऊन बाहेरून सांध्याकडं बघा. सगळीकडं एकसारखा रंग असेल तर सांधा शाबूत आहे. चकाकणारे ठिपके, बुडबुड्यांची सलग रांग किंवा आतून बाहेर गेलेली पांढरट रेघ दिसली तर तिथं सिलिकॉननं काच सोडलीय. मग नुसती गोलाई बदलून भागत नाही, ती काच काढून परत बसवावी लागते, आणि ते काम घरी करू नका.

मग आतून गोलाईला नख लावून बघा. जिथं ती सहज उचलते तिथून पाणी शिरतंय.

निळी_शेपटी

टॉर्चने पाहिलं. सांध्यात रेघ किंवा ठिपके कुठेच नाहीत. पण आत उजव्या मागच्या कोपऱ्यात, खालच्या चार बोटांत, गोलाईच्या खाली हिरवी रेघ दिसतेय. म्हणजे शेवाळ सिलिकॉनच्या वर नाही, सिलिकॉन आणि काच यांच्या मध्ये. नख लावलं तर तिथला तुकडा अलगद उचलला गेला.

आणि बीमकॉलम, पाणसळ ठेवली. लांबीत ठीक, पण कर्णावर बुडबुडा एका बाजूला पळतो. मागचा उजवा कोपराच खाली बसलाय.

काचकाम (इचलकरंजी)

मग सापडलं. हिरवी रेघ हीच खूण. तिथं पाणी आणि उजेड दोन्ही पोचलं, म्हणजे गोलाई काचेपासून सुटलेली आहे. सांधा चांगला आहे, त्यामुळं तुमचं काम फक्त आतली गोलाई बदलण्याचं.

पण तेवढाच तुकडा बदलू नका. जुन्या, सुकलेल्या सिलिकॉनला नवीन सिलिकॉन नीट धरत नाही. तुकडा लावला तर त्याच्या दोन टोकांना परत फट राहते आणि गळती तिथं सरकते. आतली सगळी गोलाई काढा, तळाच्या चार आणि उभ्या चार. काढताना सांध्यात पातं घुसवायचं नाही. कटरचं नवीन पातं काचेला सपाट धरून एकदा तळाच्या बाजूनं आणि एकदा भिंतीच्या बाजूनं चालवा, गोलाई दोरीसारखी निघून येते. राहिलेली बुरबुर ब्लेडनं खरवडा. काचेला बोट लावल्यावर रबरासारखं काही लागलं तर अजून सिलिकॉन आहे असं समजा. या कामातला निम्म्याहून जास्त वेळ खरवडण्यात जातो आणि गळती परत येते ती इथंच घाई केल्यानं.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं. मोबाइल दुरुस्तीवाल्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, बऱ्याच रिमूव्हरमध्ये तेल घातलेलं असतं. दर वेळी फडक्याची नवीन बाजू वापरा आणि पुसल्यावर तिथं हात लावू नका.

सिलिकॉन कुठलं, हे महत्त्वाचं. शंभर टक्के सिलिकॉन, ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो ते, आणि ट्यूबवर अ‍ॅक्वेरियमसाठी चालतं असं लिहिलेलं. बाथरूम-किचनचं बुरशी न धरणारं सिलिकॉन अजिबात नको, त्यात बुरशी मारायचं औषध असतं आणि ते माशांना घातक. वरून रंग देता येतो असं लिहिलेलं अ‍ॅक्रिलिक सीलंटही नको, ते पाण्याखाली टिकत नाही. ट्यूबवरची तारीख बघा. मुदत उलटलेलं सिलिकॉन कधी कधी सुकतच नाही, चिकटच राहतं.

दोन्ही काचांना कोपऱ्यापासून ६-८ एमएम सोडून मास्किंग टेप लावा. गनमध्ये ट्यूब घाला, नोझल तिरकं कापा. आधी उभे चार कोपरे, मग तळ, हात न थांबवता एका दमात. हातमोजा घालून बोट एकदाच फिरवा आणि लगेच टेप ओढून काढा. दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते, त्यानंतर टेप काढली तर कड फाटते.

वासासाठी खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलांना त्या खोलीत बसवू नका.

नवखा_मासेवाला

छान माहिती. बोट साबणाच्या पाण्यात बुडवून फिरवलं तर सिलिकॉन बोटाला चिकटत नाही असं ऐकलंय. तसं करावं का?

काचकाम (इचलकरंजी)

खिडकीच्या काचेला करतात, चालतं. टाकीत नको. साबणाचं पाणी पुढं ओघळून जिथं अजून सिलिकॉन लागायचंय त्या काचेवर गेलं तर तिथं ते धरत नाही. टाकीत साबण राहिलेलाही नको. कोरडा हातमोजा बरा, नाहीतर आइस्क्रीमची काडी.

शेवाळ (पुणे)

पावसाळ्यात सिलिकॉन सुकेल का, असं मला कोणीतरी व्यनिमध्ये (खासगी निरोपात) विचारलंय, म्हणून इथेच लिहितो. हे सिलिकॉन उन्हाने किंवा वाऱ्याने सुकत नाही, हवेतली आर्द्रता शोषून घट्ट होतं. त्यामुळे दमट हवा त्याला पोषकच आहे. मात्र काच पूर्ण कोरडी हवी, आणि पावसाळ्यात काचेवर न दिसणारी ओल असते. अल्कोहोलने पुसल्यावर पंख्याखाली थोडा वेळ जाऊ द्या.

घट्ट होण्याचा वेग बाहेरून आत, २४ तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर. बोटाला कोरडं लागलं म्हणजे आत झालं असं नाही. गोलाईला आठवडा द्या. नाक जवळ नेल्यावर व्हिनेगरचा वास येत असेल तर थांबा.

कमळकाकडी (सातारा)

माशांचं कोणी बोललंच नाही अजून, म्हणून मी लिहिते. आठवडाभर ते बाहेर राहणार आहेत आणि खरी जोखीम तिथे आहे.

नवा प्लास्टिकचा टब किंवा ड्रम घ्या, ६० लिटरच्या वरचा. साबणाचा वापर झालेला नको. टाकीतलंच पाणी भरा. फिल्टरचा स्पंज आणि आतलं सामान नळाखाली धुऊ नका, सुकू देऊ नका, तसंच्या तसं टबात चालू करा. लटकणारा फिल्टर टबाला बसत नसेल तर त्यातला स्पंज हवेच्या दगडाजवळ टाकून ठेवा. माशांच्या घाणीतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजमध्ये वस्तीला असतात. ते मेले तर टबातही आणि नंतर टाकीतही मासे दगावतात. खडीसुद्धा टाकीच्या पाण्यातच बादलीत ठेवा.

खाणं एकदम कमी. मोठे मासे आठवडाभर एक दिवसाआड चिमूटभर खाऊन मजेत राहतात. रोज चौथाई पाणी बदला. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून किंवा हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे टाकून, म्हणजे क्लोरीन गेल्यावर. टबावर जाळी बांधा, टेट्रा उडी मारतात.

पकडताना कोरी आणि सकर जाळीने धरू नका. घाबरले की ते कल्ल्यांजवळचे काटे ताठ करतात, ते जाळीत अडकतात आणि सोडवताना त्यांना इजा होते. रुंद तोंडाची बरणी बुडवून तिच्यात हाकला. एंजलच्या लांब परांसाठीही बरणीच बरी.

सरळवाट

सकर एवढा मोठा झालाय तर टाकीत परत कशाला? जवळच्या तलावात सोडला तर मोकळा फिरेल बिचारा.

कमळकाकडी (सातारा)

सरळवाट, कृपया हे कोणीही करू नका. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर हाडांचं कवच असल्याने आपल्याकडचे मासे त्याला खात नाहीत. काठात बिळं करून तो अंडी घालतो, त्याने बांध ढासळतात. देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो असाच सोडलेल्या माशांमधून पसरलाय आणि मच्छीमारांच्या जाळ्यात त्यांच्या माशांऐवजी तो येतो. सांभाळणं जमत नसेल तर मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाला द्यावा किंवा दुकानात परत करावा.

निळी_शेपटी

सकर आमच्याकडेच राहील, मुलीने आत्ताच बजावलंय. कमळकाकडी, बरणीची युक्ती फार कामाची. त्याच पद्धतीने टब लावते.

संत्रानगरी (नागपूर)

थोडं विषयांतर, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. माझी टाकी २ फुटांची, ५ एमएम काच. गळती सांध्यातून नाही, तळाच्या काचेला एका कोपऱ्यातून हातभर तडा गेलाय. तड्यावर आतून सिलिकॉन भरलं तर चालेल का?

काचकाम (इचलकरंजी)

नाही चालणार. सिलिकॉन दोन काचा एकमेकींना धरून ठेवतं, पण काचेचा तडा पुढं जाणं थांबवत नाही. टाकी भरली की तडा पळणार. समोरच्या किंवा बाजूच्या काचेला तडा असता तर सरळ काच बदला म्हटलं असतं. तळाच्या काचेला एक उपाय आहे: आतून तळावर त्याच जाडीची दुसरी अखंड काच चिकटवायची. पण आधी तडा का गेला ते बघा. खाली थर्मोकोल होता का? स्टँडवर एखादा खिळा, खडा वर आलाय का? की आत दगड थेट काचेवर ठेवला होता? कारण तसंच राहिलं तर दुसरी काचही जाईल.

निळी_शेपटी

अपडेट देते.

स्टँड बदललं. फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचं करून घेतलं, वर मरीन प्लाय, थर्मोकोल अखंड. कर्णांवरही पाणसळ बरोबर आली तेव्हाच टाकी ठेवली. हॉलच्या मधल्या भिंतीऐवजी बीमखालच्या भिंतीला घेतली, त्यामुळे मखराची जागाही मोकळी झाली.

गोलाई काढायला माझे दीर मदतीला होते. काचकाम म्हणाले तसं खरवडण्यातच सगळा वेळ गेला. सुटलेल्या जागी सिलिकॉन आख्खं उचललं गेलं, पण बाकी ठिकाणी ते काचेला इतकं घट्ट होतं की पाती बदलत बसावं लागलं. त्यावरून त्या कोपऱ्यावर किती ताण आला असेल ते कळलं. सिलिकॉनची ट्यूब बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळाली, तारीख आणि अ‍ॅक्वेरियमचा उल्लेख दोन्ही बघून घेतली.

वास पूर्ण गेल्यावर पाणी टप्प्याटप्प्याने भरलं. आधी ६ इंच, मग एक फूट, मग काठाखाली दोन बोटं, प्रत्येक टप्प्याला एक दिवस आणि चारी बाजूंना कागदाच्या पट्ट्या. पट्ट्या कोरड्या आहेत, थर्मोकोल कोरडा आहे. टबातले सगळे मासे ठणठणीत आहेत, एकही गेला नाही.

आता विचारायचंय की चाचणीचं पाणी तसंच ठेवून मासे सोडायचे का?

शेवाळ (पुणे)

अभिनंदन! फार नीट काम केलंत. चाचणीचं पाणी पूर्ण काढून टाका, सिलिकॉनचा उरलासुरला आम्ल अंश त्यात असतो. एकदा नुसत्या पाण्याने विसळा. मग टबातलं जुनं पाणी जेवढं मिळेल तेवढं आणि बाकी क्लोरीन गेलेलं पाणी असं भरा. फिल्टर आणि तोच स्पंज चालू करून मग मासे. पहिले काही दिवस खाणं कमीच ठेवा आणि जमलं तर अमोनियाची चाचणी करा. शेवाळ खरवडताना ब्लेड कोपऱ्यांपासून बोटभर लांब ठेवा, गोलाईला पात्याची टोकं लागायला नकोत.

चाळकरी

सासूबाईंना आमचा नमस्कार सांगा. वाचनखूण साठवली आहे.

संत्रानगरी (नागपूर)

काचकाम, तुमचा अंदाज खरा निघाला. स्टँडच्या पत्र्याला वेल्डिंगचा गुठळा होता, बरोबर तड्याच्या सुरुवातीपाशी. तो घासून काढला. आता आतून दुसरी काच लावायची तर माप कसं घ्यायचं, आणि सिलिकॉन सगळ्या काचेखाली पसरायचं का?

काचकाम (इचलकरंजी)

सगळीकडं पसरू नका. मोठ्या काचेखाली मधोमध हवा पोचत नाही, तिथलं सिलिकॉन खूप दिवस ओलंच राहतं. तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड रेघ मारा, तड्याच्या टोकाच्या पुढं दोन इंच जाईल अशी, आणि चारी कडांनी एक रेघ. काच ठेवून सगळीकडं सारखी दाबा, मग वरून चारी कोपऱ्यांना गोलाई. पंधरा दिवस तरी थांबा. त्याआधी तळाची जुनी गोलाई काढावी लागेल, नाहीतर काच सपाट बसणार नाही. माप आतलं घ्यायचं, गोलाई काढल्यावर, दोन्ही टोकांना आणि मध्ये अशा तीन ठिकाणी. सगळ्यात कमी भरेल त्यातून ४ एमएम वजा करून काच कापून घ्या. कडा घासून आणा, नाहीतर बसवताना हात कापतील. आणि साधी काच सांगा. टफन केलेली एकदा आणली की नंतर कापता येत नाही, माप जरा चुकलं तरी वाया जाते.